भोंग्यातला मी

रिक्षा मोंढ्याच्या कोपऱ्यावर वळली
आणि मी मला ऐकलं.

‘आपल्या हक्काचा, आपल्या हाकेला धावणारा...’
‘हाकेला’वर वर चढलेला तो हेल माझाच.
‘धावणारा’च्या आधी गिळलेला श्वासही.
तेव्हा गिळता यायचं.

पाच वर्षांमागं शफीच्या दुकानात
पंखा बंद करून, शटर अर्धं ओढून
एका बैठकीत भरला तो आवाज.
सातशे रुपये, दोन चहा,
आणि मुंजाजीरावांचा हात खांद्यावर:
‘मैनोद्दीन, सगळं मानवत तुझ्या गळ्यात आहे.’

गळ्यात आता भोक आहे.
बोराएवढं. वर पांढरं फडकं.
घाटीच्या डॉक्टरांनी आतून जे काढलं
ते बरणीत ठेवलं की फेकलं,
विचारता आलं नाही.

यंदा नवीन काही भरलंच नाही त्यांनी.
शफी म्हणाला, चाचा, एकच शब्द वाढवला.
‘निवडून द्या’च्या आधी ‘पुन्हा’.
मी हातानंच विचारलं, कुणाचं?
तुमचंच की. उरुसातल्या कव्वालीची रेकॉर्डिंग होती माझ्याकडं,
त्यातून कापलं:
‘पुन्हा एकदा सूचना,
निळ्या चड्डीतलं पोरगं स्टेजजवळ आहे, आईनं यावं.’

तेव्हापासून त्या एका शब्दामागं
मला पिपाणी ऐकू येते.
दुसऱ्या कुणाला येत नाही.

वीस दिवस मी गावभर फिरलो, घरी बसून.
सकाळी जिनिंगकडं, दुपारी रेल्वे फाटकाच्या रस्त्याला,
संध्याकाळी आमच्याच गल्लीत, माझ्याच दारासमोर.
नातू आत पळत आला, म्हणाला, दादा, तुम्ही आलात.
घागरी लावून बसलेली शेवंताकाकू म्हणाली,
मैनूभाऊ, पहिल्यासारखा झाला की आवाज!
मी मान हलवली.
भोंग्यातला मी तिला सांगत होतो,
दिवसाआड नळाला पाणी.
तिचा तो नववा दिवस.

खोटं कामून बोलू?
घाटीत बेड मिळाला तो मुंजाजीरावांच्या फोननं.
रात्री दोन वाजता, स्वतः उचलला फोन.
पाणी नवव्या दिवशी येतं.
फोन दोन वाजता उचलला जातो.
समोरच्या उमेदवाराचा नंबर गावात कुणाकडंच नव्हता.

केंद्रावर मी चिठ्ठी पुढं केली.
परगावचा मास्तर होता, सर्दी झालेला.
‘शेख मैनोद्दीन शेख हैदर’
असं वाचलं त्यानं, किराणा मालाच्या यादीसारखं.
इतकं सपाट माझं नाव
मी स्वतः कधी घेतलं नव्हतं.
शाई. पडदा. बटण.
यंत्र बोललं, लांब, एका सुरात,
न खोकता.
मला हेवा वाटला.

सतराशे बारा मतांनी आले.
मोंढ्यात जेसीबीच्या तोंडातून फुलं,
डीजेनं दुकानांची शटरं थरथरली,
हमालांनीही भगवे, हिरवे, जे मिळाले ते फेटे बांधले.
मी फडक्यावर तळहात धरून कडेला,
गुलाल आत जायला नको म्हणून.
जीप थांबली. ते उतरले, हे खरं.
हात खांद्यावर.
‘मैनोद्दीन, सगळं मानवत तुझ्या...’
नजर फडक्यावर गेली.
‘जेवलास का?’ म्हणाले.
आणि जीप पुढं गेली.

रात्री झाडूवाल्या बाया गुलाल गोळा करत होत्या.
रिक्षावाला पोरगा कुठंतरी पिऊन पडला असावा,
भोंगा चालूच.
रिकाम्या मोंढ्यात मी अजून मतं मागत होतो,
जिंकलेल्या माणसासाठी.
पुन्हा. पिपाणी. निवडून द्या.
पुन्हा. पिपाणी.

त्या उरुसात मी सात वेळा पुकारलं होतं.
आठव्या हाकेला ती आली,
गर्दी फाडत, धावत,
पायात एकच चप्पल.